निर्वात नलिकांचा हेडफोन विवर्धक : बांधणी आणि सुधारणा

प्रस्तावना

१९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढील दोन-तीन दशकांत घरगुती रेडिओमधून निर्वात नलिका हद्दपार झाली. लोकव्यवहारात जिला ‘व्हॉल्व्ह’ म्हटले जाई त्या नलिकेची तार तापेपर्यंत थांबून मग बातम्या ऐकणारी पिढी आज उतारवयात आहे. तथापि ध्वनिविवर्धनाच्या क्षेत्रातून ही नलिका पूर्णतः नाहीशी झालेली नाही. युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळी आजही स्वतःच्या हाताने नलिकांचे विवर्धक बांधतात, आणि हेडफोनसाठीचा लहान विवर्धक हा त्यांच्या अभ्यासाचा पहिला पाठ ठरतो.

या छंदाभोवती बरीच अतिशयोक्तीही जमा झालेली आहे. ‘नलिकेचा आवाज उबदार असतो’ हे विधान इतक्या वेळा उच्चारले जाते की त्यामागील भौतिकी तपासण्याची गरज कोणास वाटेनाशी होते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या बॉटलहेड या लहान उद्योगाचा ‘क्रॅक’ नावाचा जुळणीसंच उदाहरणादाखल घेऊन असा विवर्धक कसा कार्य करतो, त्यात कोणत्या सुधारणा केल्या जातात आणि त्यांपैकी कोणत्या मोजमापाच्या कसोटीस उतरतात, याचा विचार केला आहे.

मंडलाची रचना

जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली द्विप्रस्थ नलिका तयार केली. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीत जालकाची भर घातली आणि त्रिप्रस्थ नलिका अस्तित्वात आली. तापलेल्या ऋणाग्राकडून धनाग्राकडे जाणारा इलेक्ट्रॉनांचा ओघ जालकावरील अल्पशा दाबाने कमी-अधिक करता येतो, एवढेच विवर्धनाचे मूळ तत्त्व आहे.

‘क्रॅक’मध्ये दोनच नलिका आहेत. पहिली १२एयू७, युरोपीय नामावलीत ईसीसी८२. तिच्या काचेत दोन त्रिप्रस्थ असतात. एक डाव्या व दुसरा उजव्या कानासाठी वापरला जातो. या टप्प्यात संकेताचा दाब वाढतो. दुसरी नलिका ६०८०, म्हणजे ६एएस७जी या नलिकेची मजबूत आवृत्ती. ही मुळात संगीतासाठी नव्हे, तर विद्युतपुरवठ्याचा दाब स्थिर राखण्यासाठी घडविली गेली. तिचा विवर्धनांक अवघा २ आहे, परंतु अंतर्गत रोध सुमारे २८० ओहम इतका कमी असल्याने ती भरपूर प्रवाह देऊ शकते. जी नलिका विवर्धनासाठी जवळजवळ निरुपयोगी, तीच हेडफोन चालविण्यास योग्य ठरावी, हा योगायोग अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने लक्षात घेण्याजोगा आहे.

६०८०चा संकेत ऋणाग्रावरून घेतला जातो. या जोडणीस ‘कॅथोड फॉलोअर’ म्हणतात. येथे निर्गम संरोध ढोबळमानाने अंतर्गत रोधाला विवर्धनांक अधिक एक या संख्येने भागून मिळतो. २८० भागिले ३ म्हणजे सुमारे ९३ ओहम. प्रत्यक्षात नलिका कमी प्रवाहावर चालत असल्याने तो १२० ओहमच्या आसपास राहतो. निर्गम रोहित्राची गरज पडत नाही, आणि चांगले निर्गम रोहित्र हाच अशा विवर्धकातला सर्वांत खर्चिक भाग असल्याने संचाची किंमत आटोक्यात येते.

आता आकडे. पुरवठ्याचा एकदिश दाब सुमारे १७० व्होल्ट. १२एयू७च्या धनाग्रावर साधारण ७५ व्होल्ट असतात. उरलेला ९५ व्होल्टचा दाब २२.१ किलोओहमच्या रोधकावर पडतो, म्हणजेच प्रवाह सुमारे ४.३ मिलिअँपिअर. हे धनाग्र मधल्या कंडेन्सरशिवाय थेट ६०८०च्या जालकास जोडलेले असते. तिचे ऋणाग्र सुमारे १०० व्होल्टांवर स्थिरावते आणि ३ किलोओहमच्या रोधकातून ३३ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. हे १०० व्होल्ट हेडफोनपर्यंत पोहोचू नयेत म्हणून १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मध्ये बसविलेला असतो. श्रोत्याचे कान आणि १०० व्होल्ट यांच्यामध्ये उभा असलेला हा एकच घटक होय. म्हणून त्याची दाबक्षमता व दर्जा यांत काटकसर करू नये. तो आतून जोडला गेल्यास हेडफोनची नाजूक वेटोळी तत्काळ जळतात.

या साऱ्या खटाटोपात हेडफोनला मिळणारी शक्ती काही मिलिवॅटच असते. याउलट ६०८०ची तार केवळ तापण्यासाठी ६.३ व्होल्टांवर २.५ अँपिअर, म्हणजे जवळपास १६ वॅट खर्च करते.

हेडफोनशी जुळणी

‘उबदार’ आवाजाचे कोडे पुष्कळ अंशी येथे उलगडते. ज्या हेडफोनसोबत हा विवर्धक प्रामुख्याने वापरला जातो त्या सेनहायझर एचडी ६०० व एचडी ६५० यांचा घोषित संरोध ३०० ओहम आहे. पण संरोध सर्व कंप्रतांना सारखा नसतो. खालच्या स्वरांत, कंपनपटलाच्या अनुनादाजवळ, तो सुमारे ५०० ओहमपर्यंत चढतो. विवर्धकाचा निर्गम संरोध १२० ओहम धरल्यास मध्यम स्वरांत हेडफोनला ३०० भागिले ४२०, म्हणजे ७१ टक्के दाब मिळतो. अनुनादाजवळ ५०० भागिले ६२०, म्हणजे ८१ टक्के. फरक साधारण १ डेसिबेल. तबल्याच्या डग्ग्याचा किंवा तंबोऱ्याच्या खर्जाचा भाग किंचित भरदार भासतो तो यामुळे. यात नलिकेची जादू नाही. कोणत्याही उत्तम ट्रान्झिस्टर विवर्धकाच्या निर्गमाशी १२० ओहमचा रोधक जोडल्यास हाच परिणाम मिळेल.

दुसरा भाग विरूपणाचा. त्रिप्रस्थाचे विरूपण मुख्यतः दुसऱ्या संनादीचे असते. दुसरी संनादी म्हणजे मूळ स्वराचे वरचे सप्तक, सा पासून तार सा. ती सुरात मिसळून जाते आणि त्यामुळे कानास सहसा खटकत नाही.

मोबाइलसोबत वापरल्या जाणाऱ्या ३२ ओहमच्या हेडफोनला मात्र हा विवर्धक जोडू नये. दाबाचा पाचवा हिस्साच त्याच्या वाट्यास येतो, आणि ३३ मिलिअँपिअरच्या स्थिर प्रवाहामुळे ३२ ओहमवर दाबाचे शिखर जेमतेम १ व्होल्टाचे असते. ३०० ओहमवर तेच १० व्होल्टांच्या घरात जाते. अनेकांच्या निराशेचे कारण विवर्धक नसून ही विजोड जोडी असते.

बांधणी आणि सुरक्षितता

संचात छापील मंडलफलक नसतो. घटक टॅगपट्ट्यांवर व नलिकांच्या बैठकांवर तारांनी थेट जोडले जातात. जुन्या रेडिओंची बांधणी अशीच असे. सोल्डरिंगचा सराव असलेल्या व्यक्तीस काही संध्याकाळी पुरतात. प्रत्येक टप्प्यानंतर रोध मोजावा, आणि सर्व वाचने अपेक्षेप्रमाणे आल्याखेरीज वीज देऊ नये.

मुख्य प्रश्न धोक्याचा आहे. १७० व्होल्टांचा एकदिश दाब प्राणघातक ठरू शकतो, आणि बटण बंद केले तरी कंडेन्सर भारित राहतात. समजा, पुरवठ्यात २२० मायक्रोफॅरडचे तीन कंडेन्सर आहेत; १७० व्होल्टांना त्यांत सुमारे साडेनऊ ज्यूल ऊर्जा साठते. म्हणून प्लग काढल्यावर, चिमट्याला बांधलेल्या २.२ किलोओहम, ५ वॅटच्या रोधकातून त्यांचे निर्भारण करावे व मापकावर दाब शून्याजवळ आल्याची खात्री करून मगच हात घालावा. चालू मंडलात वाचन घेताना एक हात पाठीमागे ठेवण्याची जुन्या कारागिरांची सवय केवळ सवय नव्हती. छातीतून प्रवाह जाण्याचा मार्ग ती बंद करते. धातूची पाटी भूयोजित असलीच पाहिजे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत असा प्रकल्प हाती घेतल्यास अध्यापकाच्या उपस्थितीविना वीज देण्याची मुभा विद्यार्थ्यांस असू नये.

भारतात बांधणी करताना आणखी एक मुद्दा उद्भवतो. अमेरिकेत घरगुती पुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. रोहित्राचे प्राथमिक वेटोळे २३० अथवा २४० व्होल्टांसाठी जोडता येते का, हे प्रथम पाहावे. शिवाय केवळ ६० हर्ट्झसाठी आखलेल्या गाभ्यात ५० हर्ट्झला त्याच दाबाने २० टक्के अधिक चुंबकीय स्रोत निर्माण होतो. गाभा संपृक्त होऊन तापू लागतो व गुणगुणतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात सुट्या घटकांसाठी फिरणाऱ्याने रोहित्र मात्र गुंडाळणाऱ्याकडून स्वतंत्र मापाने करून घेणे श्रेयस्कर.

सुधारणांचा क्रम

बांधणी संपली की सुधारणांचा मोह सुरू होतो. सर्वांत प्रचलित सुधारणा म्हणजे त्याच उत्पादकाची ‘स्पीडबॉल’ ही जोड. तीत २२.१ किलोओहमचे व ३ किलोओहमचे रोधक काढून त्यांच्या जागी ट्रान्झिस्टरवर आधारलेली स्थिर प्रवाह मंडले बसविली जातात. नलिकेचा कैवार घेणाऱ्यांनी तिच्या सुधारणेसाठी ट्रान्झिस्टरलाच शरण जावे, यातील गंमत बाजूला ठेवली तरी सुधारणा तत्त्वतः योग्य आहे. धनाग्राच्या वाटेत रोधक असताना दाब बदलला की प्रवाहही बदलतो आणि नलिका आपल्या वक्ररेषेच्या असमान भागांतून जाते. प्रवाह स्थिर राखल्यास वक्ररेषा जवळजवळ आडवी कापली जाते व विरूपण घटते. शिवाय पुरवठ्यातील खळखळ पूर्वी चौथ्या हिश्शाहून अधिक प्रमाणात धनाग्रावर उमटत असे. तीही बरीच रोखली जाते. ६०८०च्या बाजूला लाभ तुलनेने कमी आहे, कारण ३०० ओहमच्या भारापुढे ३ किलोओहमचा रोधक फारसा आडवा येत नव्हता. तेथे प्रत्येक बाजूस ३.३ वॅट उष्णता ट्रान्झिस्टरवर येत असल्याने उष्णताशोषक आवश्यक ठरतो.

दुसरी उपयुक्त सुधारणा पुरवठ्यातील चोकची. आपल्याकडे पूर्णतरंग एकदिशीकरणानंतरची खळखळ १०० हर्ट्झची असते. २२० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरचा संरोध तेथे ७ ओहमच्या जरा वर असतो. त्यापुढे २७० ओहमचा रोधक असल्यास खळखळ सुमारे ३७ पटींनी घटते; १० हेन्रीचा चोक असल्यास ८०० पटींहून अधिक. संवेदनशील हेडफोनमध्ये मंद गुणगुण ऐकू येत असेल तर हा खर्च सार्थकी लागतो. ती ऐकूच येत नसेल तर नाही.

नलिका बदलून पाहणे हा या छंदातील सर्वांत आवडता आणि सर्वांत महागडा भाग. ६०८०च्या जागी रशियन ६एन१३एस बसते. अमेरिकन ५९९८ ही खरोखर वेगळी नलिका आहे; तिचा विवर्धनांक पाचाहून थोडा अधिक असल्याने निर्गम संरोध लक्षणीय घटतो आणि फरक मापकावरही दिसतो. याउलट त्याच प्रकारच्या दोन निर्मात्यांच्या नलिकांत जो सूक्ष्म फरक वर्णिला जातो त्याला मोजमापाचा आधार क्वचितच मिळतो. १२एयू७च्या जागी १२एएक्स७ मात्र बसवू नये. पिनांची मांडणी सारखी असली तरी विवर्धनांक १०० असल्याने थेट जोडणीतील सारे दाब बिघडतात. चालू विवर्धकातून पहिली नलिका उपसणेही टाळावे. ६०८०चे जालक पुरवठ्याच्या दाबाला पोहोचते आणि तिच्यातील प्रवाह एकदम वाढतो.

निर्गमाचा कंडेन्सर बदलून महागडा फिल्म प्रकार बसविण्याची शिफारस वारंवार होते. १०० मायक्रोफॅरड व ३०० ओहम यांची छेदकंप्रता ५ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे श्रवणमर्यादेच्या बरीच खाली आहे. त्यामुळे येथे मोठ्या सुधारणेस वावच कमी. त्याऐवजी डाव्या-उजव्या बाजू खालच्या पातळीवरही समान राखणारा दर्जेदार आवाजनियंत्रक बसविल्यास फरक पहिल्याच दिवशी कळतो.

तुलना करताना एक पथ्य अनिवार्य आहे. ‘स्पीडबॉल’पूर्वी पहिल्या टप्प्याचे विवर्धन सुमारे १३ पट असते, नंतर ते १८ पटींच्या जवळ जाते, म्हणजे नियंत्रकाच्या त्याच खुणेवर आवाज जवळपास ३ डेसिबेलने वाढतो. किंचित मोठा आवाज मानवी कानास अधिक स्पष्ट वाटतो. म्हणून १ किलोहर्ट्झचा स्वर देऊन हेडफोनच्या अग्रांवरील दाब मापकाने सुधारणेपूर्वी व नंतर समान करून घ्यावा. कोणता विवर्धक चालू आहे हे श्रोत्यास न सांगता ऐकविणे अधिक चांगले. त्यासाठी दोन संच आणि अदलाबदल करणारा एक सहकारी पुरेसा आहे.