पोतं पोटॅशचं, वाटी घेवड्याची

वाई तालुक्यातल्या शेतकऱ्याला पोटॅशियम शिकवायला जाऊ नये. तो त्याला 'पोटॅश' म्हणतो आणि पोत्यानं विकत आणतो. उसाला लाल पोटॅश, ठिबकवरच्या स्ट्रॉबेरीला 'झिरो झिरो फिफ्टी'. फळ फुगायला लागलं की टाकीत ०:०:५० कालवायचं, कारण पानात तयार झालेली साखर फळापर्यंत पोचवायला आणि पानांवरची छिद्रं वेळेवर उघडमीट करायला पोटॅशियम लागतं. हाच शेतकरी साठीला येतो, बीपीची गोळी सुरू होते, आणि एक दिवस लॅबच्या रिपोर्टात 'सीरम पोटॅशियम' अशी ओळ दिसते. समोर ४.२. पोत्यातलं आणि रक्तातलं एकच, हे मात्र सहसा कुणी त्याला सांगत नाही.

मुळात हा धातू. १८०७ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीनं वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून वीज सोडून तो पहिल्यांदा वेगळा केला. पाण्यात टाकला तर जांभळट ज्वाळेनं पेटतो, म्हणून निसर्गात सुटा सापडत नाही. क्षारांच्या रूपातच भेटतो. वाईत ज्याचं काम चाललं त्या मराठी विश्वकोशात त्याच्यावर स्वतंत्र नोंद आहे, जिज्ञासूंनी जरूर काढून वाचावी.

आपल्याकडे पोटॅशच्या चालू खाणी नाहीत. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल अशा देशांतून ते बोटीनं येतं. पिकं मात्र ते जमिनीतून भरभरून उचलतात, आणि ऊस त्यात आघाडीवर. गूळ केला तर त्यातलं पुष्कळसं गुळात राहतं. साखर केली तर पांढऱ्या दाण्यात जवळपास काहीच येत नाही. बहुतेक सगळं मळीत जातं आणि मळीपासून अल्कोहोल काढलं की सांडपाण्यात. ते सांडपाणी आटवून जाळल्यावर उरणाऱ्या राखेतून पोटॅश मिळवता येतं, आणि २०२१ साली केंद्रानं या खतालाही अनुदानाच्या यादीत घेतलं. भुईंजच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या प्रत्येक ट्रॉलीतून तालुक्याच्या जमिनीतलं थोडं पोटॅश बाहेर पडत असतं.

आता ताटाकडे येऊ. पोटॅशियम म्हटलं की केळं, ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की बाकी स्वयंपाकघराकडे लक्षच जात नाही. केळ्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. बटाटा त्याच्या पुढे, पालक साडेपाचशेच्या घरात. पण खरी श्रीमंती कडधान्यांची. कोरड्या घेवड्यात १०० ग्रॅमला १४०० मिलिग्रॅमच्या आसपास, तुरीत जवळपास तेवढंच. शिजताना घेवडा पाणी पितो, तेव्हा शिजलेल्या १०० ग्रॅममागे ४०० उरतं. तरीही दीडशे ग्रॅमची वाटीभर उसळ ६०० मिलिग्रॅम देऊन जाते, म्हणजे दीड केळ्याहून जास्त. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, पण पोटॅशियमसाठी त्याचं नाव कुणी घेत नाही.

हळदीच्या पुडीत तर १०० ग्रॅमला २००० मिलिग्रॅम. हळद पिकवणाऱ्या वाईकरांनी लगेच खूश होऊ नये. शंभर ग्रॅम हळद खाणार कोण? आमटीतल्या अर्ध्या चमच्यातून मिळतं ते तीसेक मिलिग्रॅम.

सांगली-तासगावच्या बेदाण्याची गोष्ट वेगळी. ताज्या द्राक्षात १०० ग्रॅमला १९० मिलिग्रॅम, बेदाण्यात साडेसातशे. पाणी उडालं, पोटॅशियम तिथंच राहिलं. त्यातही गंमत अशी, की घड रॅकवर टाकण्याआधी ज्या द्रावणात बुडवतात त्यातसुद्धा पोटॅशियम असतं. पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट, म्हणजे शेतकऱ्यांचं 'डिपिंग ऑईल', पाण्यात कालवलं की मण्यावरचा मेणाचा थर सैल पडतो आणि महिनाभराचं वाळवणं पंधरवड्यावर येतं.

पोटात गेल्यावर या सगळ्याचं होतं काय? प्रौढ माणसाच्या अंगात १४० ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं आणि त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत. पेशींच्या बाहेर, रक्त धरून, जेमतेम दोन टक्के. सोडियमचं बरोबर उलट. ही वाटणी आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणातलं एक प्रथिन सतत तीन सोडियम बाहेर टाकतं आणि दोन पोटॅशियम आत ओढतं. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांना १९५७ साली ते खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंत सापडलं; नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. आपण नुसते पडून असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा या एका कामावर जातो. आत-बाहेरच्या या फरकावरच मज्जातंतूचा संदेश, स्नायूचं आखडणं आणि हृदयाचा ठोका चालतो.

रक्तदाबाशी संबंध येतो तो किडनीत. जेवणात पोटॅशियम कमी पडलं की किडनी ते वाचवायला बघते, आणि त्या खटाटोपात मीठही परत रक्तात ओढून घेते. मिठामागून पाणी येतं, दाब चढतो. पोटॅशियम भरपूर आलं की तीच किडनी मीठ लघवीवाटे सोडून देते. म्हणून 'मीठ कमी करा' हा सल्ला मला नेहमी अर्धाच वाटतो. आपण दिवसाला सरासरी ८ ग्रॅम मीठ खातो. मर्यादा ५ ग्रॅमची. पोटॅशियम हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ३५०० मिलिग्रॅम हवं. भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, पालेभाजी, ताक असं जेवण दोन्ही वेळा असेल तर हा आकडा लांबचा नाही. पाव, फरसाण आणि पांढरा भात यांवर दिवस काढला, तर मीठ मात्र पुरेपूर जातं आणि पोटॅशियम राहून जातं.

चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर याचा मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना तीन भाग मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड. जवळपास पाच वर्षांनी, २०२१ मध्ये, निकाल आला: मिश्र मिठाच्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तीही काही गट वगळून. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि किडनीचा आजार असलेले लोक त्या शिफारशीत येत नाहीत.

यातला किडनीच्या आजाराचा गट लहान नाही, आणि मधुमेह-रक्तदाब घराघरांत असताना आपण त्यात आहोत हे अनेकांना ठाऊकही नसतं. जास्तीचं पोटॅशियम बाहेर काढण्याचं नव्वद टक्के काम किडनीचं. ती थकली की रक्तातला आकडा ३.५ ते ५ या पट्ट्याबाहेर सरकतो. साडेसहाच्या वर हृदयाची लय केव्हाही बिघडू शकते, आणि त्याआधी अंगाला फारसं काही जाणवेलच असं नाही. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं पोटॅशियम अंगात राखून ठेवतात. त्यांच्या जोडीला मुलानं पुण्याहून कौतुकानं आणलेलं 'लो सोडियम' मीठ आणि रोजचं शहाळं आलं, तर तिन्ही एकाच दिशेनं ढकलतात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत 'पोटॅशियम क्लोराइड' लिहिलेलं असतं, ते वाचायचं.

अशा रुग्णांसाठी स्वयंपाकाची रीतच उलटी होते. एरवी भाजी शिजवलेलं पाणी फेकू नये, इथे फेकायचं. बटाटा सोलून, लहान फोडी करून भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी ओतून नव्या पाण्यात पुन्हा शिजवायचा. पोटॅशियम पाण्यात विरघळतं, त्यामुळे यानं निम्म्याच्या आसपास कमी होतं. अख्ख्या, सालीसकट उकडलेल्या बटाट्यात ते आतच अडकून राहतं. घेवडा रात्रभर भिजवायचा, ते पाणी टाकायचं, शिजवल्यावरचंही टाकायचं. चव उतरते, हे खरं.

उलटा धोकाही आहेच. जुलाब-उलट्यांत पोटॅशियम वाहून जातं, पाय गळून जातात. म्हणून ओआरएसच्या लिटरभर पाण्यात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. नुसत्या मीठ-साखरेच्या पाण्यात ते नसतं.

आणि रिपोर्टात एकदम ६ आलं तर? कधी तो आकडा सुईचा असतो. दंडाला पट्टा बांधून मूठ जोरात आवळत राहिलं, किंवा नमुना गाडीवर हिंदकळत लॅबपर्यंत गेला आणि रक्तपेशी फुटल्या, की त्यांच्या आतलं पोटॅशियम नमुन्यात उतरतं. पण हा निवाडा घरी बसून करायचा नसतो. डॉक्टर आधी ईसीजी काढतात आणि दुसरा नमुना घ्यायला सांगतात; तो त्याच दिवशी द्यायचा, मूठ न आवळता.