भीमाशंकरची पायवाट आपलीही

श्रावण लागला की कर्जतहून खांडसला जाणाऱ्या एसटीला गर्दी वाढते. पाठीला पिशवी, तोंडाने ‘हर हर महादेव’. ही मंडळी भीमाशंकरला निघालेली असतात, तेही चालत. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेलं हे देवस्थान पुणे जिल्ह्यात, पण आपल्या कर्जत तालुक्याच्या अगदी डोक्यावर. गाडीने जायचं तर खोपोली, लोणावळा, चाकण, राजगुरुनगर असा मोठा वळसा. पायी मात्र खांडसहून सरळ डोंगर चढायचा. कोकणातले भाविक पिढ्यान् पिढ्या असेच गेले.

आमच्या शेजारच्या काकू अठ्ठावन्न वर्षांच्या. ‘मुलाला सुट्टी मिळाली की गाडीने नेईल’ असं म्हणता म्हणता सात-आठ श्रावण निघून गेले. शेवटी आम्ही पाचजणींनी ठरवलं, आपणच जायचं. घरोघरी ठरलेले प्रश्न आले. या वयात? वाटेत काही झालं तर? जेवणाचं काय? काकू म्हणाल्या, ‘‘एक दिवस घेतील की हातानं!’’

पावसात दगड निसरडे होतात, म्हणून आम्ही दिवाळीनंतरचा दिवस धरला. खोपोलीच्या दोघी आदल्या संध्याकाळी लोकलने कर्जतला आल्या. पहाटे जीप करून कडाव, कशेळेमार्गे खांडस गाठलं.

गावापुढे दोन वाटा फुटतात. शिडी घाट जवळचा, पण कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या चढाव्या लागतात. सवय नसेल तर तिकडे जाऊच नये. गणेश घाट लांबचा, पण सोपा. वाटेत गणपतीचं छोटं देऊळ आहे, तिथे पहिला विसावा. बाजूला पदरगडाचे सुळके सोबत करतात. दोन्ही वाटा वरच्या पठारावर एकत्र येतात. तिथे झोपडीत चहा मिळाला. चहा देणारी ठाकर बाई रोजच खालीवर करणारी. आमच्या काकूंची धाप बघून म्हणाली, ‘‘बाय, दमानं चल. देव कुठं जात नाय.’’

पुढची चढण खरी परीक्षेची. दर वीस पावलांनी थांबत, एकमेकींची पिशवी घेत, आम्ही सहा तासांत वर पोचलो. हे जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू, म्हणजे मोठी तांबूस खार, इथलाच. देवळाचं शिखर नाना फडणवीसांनी बांधून घेतलं. समोरची मोठी घंटा चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर आणलेल्या घंटांपैकी मानली जाते. काकू मात्र घंटेकडे न बघता पायरीवर बसल्या आणि स्वतःचेच पाय दाबत हसत राहिल्या. ‘‘हे चालतात अजून!’’

उतरणीचा गुडघ्यांना त्रास होतो, म्हणून परतताना एसटीने पुणे आणि तिथून रेल्वेने कर्जत असे आलो.

मैत्रिणींनो, जायचं असेल तर महिनाभर आधी रोज तासभर चाला. नवी चप्पल नको, जुने, पकड असलेले बूट घाला. माणशी तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, काठी, शिट्टी, लागत असतील तर पॅड आणि कागदी पिशवी घ्या. बीपी, दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा. वाट आणि दर्शन सुरू आहे ना, याची चौकशी करा आणि गावातला वाटाड्या घ्या. त्याला चार पैसे मिळतात, आपण चुकत नाही.

एक गोष्ट खटकली. चढणीवर आम्हाला कुठेच स्वच्छतागृह दिसलं नाही. ओढणी धरून आडोसा करावा लागला. जपानमधल्या कुमानो डोंगरातल्या जुन्या यात्रावाटांना २००४ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्या वाटेला तो मान नसला तरी चालेल, पण पायथ्याशी आणि पठारावर बायकांसाठी सोय हवी. ग्रामसभेत, पंचायत समितीत हे आपणच मागायला हवं. आणि सोय होईपर्यंत, कोणीतरी नेईल म्हणून वाट बघत बसू नका.