चर्यागीतांतली नाव, हरिण आणि नगराबाहेरची डोंबी

गाण्यातल्या एका शब्दाचे दोन अर्थ निघाले की आपल्याकडच्या गायनपार्टीला हमखास दाद मिळते. बौद्ध परंपरेत तर अशा दुहेरी अर्थाची गाणीच्या गाणी रचली गेली. त्यांना चर्यागीते म्हणतात.

१९०७ साली हरप्रसाद शास्त्री यांना नेपाळच्या दरबार ग्रंथालयात ताडपत्रावरची एक पोथी सापडली. १९१६ मध्ये ती कोलकात्यात छापली गेली. तिच्यात ४६ पूर्ण गाणी आणि एक अर्धे गाणे आहे. लुईपा, कान्हपा, भुसुकु अशा सिद्धांनी ती साधारण ८व्या ते १२व्या शतकांत रचली. गाण्यांवर रागांची नावे आहेत, म्हणजे ती गाण्यासाठीच होती. सोबत मुनिदत्त यांची संस्कृत टीका आहे.

या भाषेला ‘संध्याभाषा’ म्हणतात. कुणी तिचा अर्थ संध्याकाळसारखी अंधूक भाषा असा लावला. विधुशेखर शास्त्री यांनी मात्र मूळ शब्द ‘संधा’ असल्याचे मांडले. म्हणजे मनात काही हेतू धरून बोललेली भाषा.

एक उदाहरण पाहू. एका गाण्यात करुणेची नाव सोन्याने भरली आहे आणि रुपे ठेवायला जागा उरलेली नाही. वरवर ही व्यापाऱ्याची नाव. पण मूळ भाषेत सोन्यासाठीचा शब्द ‘शून्य’च्या उच्चाराजवळ जातो आणि ‘रुपे’ म्हणजे चांदीही, रूपही. मनात करुणा आणि शून्यता भरली की बाह्य रूपाच्या आसक्तीला जागा राहत नाही, हा आतला अर्थ. भुसुकुच्या गाण्यात शिकाऱ्यांनी घेरलेले हरिण आहे. ते हरिण म्हणजे आपले भेदरलेले चित्त.

आता कान्हपाचे गाणे. त्यात डोंब जातीची स्त्री आहे. तिची झोपडी नगराबाहेर आहे, ती टोपल्या विकते आणि ब्राह्मणाच्या पोराला शिवून जाते. टीकेनुसार डोंबी म्हणजे ‘नैरात्मा’, अर्थात अनात्मतेचे प्रतीक. अनेक अभ्यासक इथेच थांबतात. आपण थांबू नये. नगराबाहेरची झोपडी कवीने कल्पनेतून आणलेली नाही, ती समाजात होती. स्पर्शाचा उल्लेख करताना विटाळाची व्यवस्था कवीला ठाऊक होती. डोंबीला केवळ प्रतीक केले की ती बाई, तिच्या टोपल्या आणि तिची वस्ती पुसली जाते.

ही गाणी वज्रयानी साधकांची आहेत. तो मार्ग आपला नाही. पण वाचनाची शिस्त त्यांच्याकडून घेता येते. कोणत्याही गाण्यात गूढ अर्थ सापडला की तीन प्रश्न विचारावेत. हा अर्थ पूर्ण गाण्याला लागू पडतो का, की एका शब्दापुरताच? त्याच परंपरेतल्या इतर गाण्यांत ते प्रतीक तसेच येते का? आणि आतला अर्थ सांगताना आपण बाहेरचे वास्तव झाकत तर नाही ना?

तिसरा प्रश्न आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. मनाचे विश्लेषण जरूर करावे. पण गाण्यातली झोपडी नगराबाहेर का आहे, हेही त्याच वेळी विचारावे.

जय भीम, नमो बुद्धाय!