‘गोदावरी’ची खरी कसोटी

भारतीय नौदलाच्या ‘गोदावरी’चं नाव निघालं की मालदीवची मोहीम आठवते. पण या क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेटची सर्वांत अवघड कसोटी त्याआधीच, नौदलाच्या आरेखन संचालनालयात लागली होती.

मुंबईच्या माझगाव डॉकनं ‘निलगिरी’ वर्गाच्या सहा फ्रिगेट ब्रिटिश ‘लिअँडर’ आराखड्यावरून बांधल्या. नौदलाला आता त्याहून जास्त मारा हवा होता: सोव्हिएत क्षेपणास्त्रं आणि दोन ‘सी किंग’ हेलिकॉप्टरं. त्यासाठी जहाज मोठं करणं भाग होतं. आपल्या आरेखकांनी सांगाडा ११३ मीटरवरून १२६ मीटरवर नेला. यंत्रसामग्री मात्र लिअँडरचीच, ३०,००० अश्वशक्तीची वाफेवरची ठेवली. वजन वाढूनही वेग टिकला, कारण सांगाड्याचा आकार विचारपूर्वक बेतला होता.

खरा पेच पुढे होता. क्षेपणास्त्रं आणि तोफा सोव्हिएत, लढाईची माहिती जुळवणारी संगणकप्रणाली इटालियन. दोन्हींच्या विजेच्या गरजा वेगळ्या, मापं वेगळी, आणि शीतयुद्धामुळे एका बाजूचा अभियंता दुसऱ्या बाजूच्या यंत्राला हात लावणार नव्हता. हे सगळं एका जहाजात नांदवायचं काम भारतीयांनाच करावं लागलं. २ जून १९७८ रोजी बांधणीचा पाया घातला गेला, १५ मे १९८० रोजी जलावतरण झालं आणि १० डिसेंबर १९८३ रोजी ‘गोदावरी’ सेवेत दाखल झाली.

पाच वर्षांनी या जहाजाचा कस समुद्रावर लागला. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी श्रीलंकेतल्या भाडोत्री तमिळ बंदूकधाऱ्यांनी मालदीवच्या राजधानीत, मालेत उठाव केला. आग्र्याहून विमानानं गेलेले छत्रीधारी सैनिक त्याच रात्री हुलहुले बेटावर उतरले. बंडखोर ‘प्रोग्रेस लाइट’ हे मालवाहू जहाज बळकावून, ओलिसांसह श्रीलंकेच्या दिशेनं पळाले. ऑस्ट्रेलियाहून परतणाऱ्या ‘गोदावरी’ला मार्ग बदलण्याचा आदेश मिळाला, सोबतीला ‘बेतवा’ ही युद्धनौका होती. वाटाघाटी फसल्या, काही ओलिसांचे जीव गेले. अखेर तोफा धडाडल्या आणि ६ नोव्हेंबरला बंडखोर शरण आले.

डिसेंबर १९९४ मध्ये सोमालियातल्या किसमायो बंदरातून भारतीय शांतिसैनिक माघारी निघाले, तेव्हा त्यांच्या पाठीशी ‘गोदावरी’ होती. पुढे एडनच्या आखातात चाच्यांविरुद्धची गस्तही तिनं घातली. २३ डिसेंबर २०१५ रोजी, ३२ वर्षांच्या सेवेनंतर, मुंबईत ती निवृत्त झाली.

तिच्या मागून ‘गंगा’ आणि ‘गोमती’ माझगावातच बांधल्या गेल्या. ‘ब्रह्मपुत्रा’ वर्ग कोलकात्यात घडला, तर ‘दिल्ली’ वर्गाच्या विनाशिका पुन्हा मुंबईत. परक्या देशांची शस्त्रं आपल्या आराखड्यात बसवण्याचा आत्मविश्वास या सगळ्यांना ‘गोदावरी’नं दिला. म्हणूनच नौदलाच्या इतिहासात कप्तानांच्या बरोबरीनं तिचे आरेखक, माझगावचे वेल्डर आणि फिटर यांनाही मानाचं पान मिळायला हवं.