मोहफूल वाळवताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तासगावात शेडमध्ये द्राक्षे वाळतात, तशी मार्च-एप्रिलमध्ये देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या अंगणांत मोहफुले वाळतात. हिशेबही जवळपास सारखाच आहे. ताज्या मालात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते आणि साधारण चार किलो वाळून एक किलो उरतो. फरक एवढाच, की बेदाणा खायचा म्हणून जपून वाळवतात आणि मोहफूल बरेचदा दारूच्या भट्टीसाठी म्हणून कसेही. नीट वाळवले तर तेही खाण्याचाच माल आहे. आड येतात ते हे समज.

गैरसमज: मोहफुलातच नशा असते.
वस्तुस्थिती: ताज्या किंवा नीट वाळलेल्या फुलात दारू नसते. साखर मात्र भरपूर, वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त. म्हणून मधुमेह असलेल्यांनी ‘जंगलचे, नैसर्गिक’ म्हणून बिनधास्त खाऊ नये. फुलांचा ओला ढीग तसाच राहिला की यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते आणि आंबूस वास सुटतो. पाणी वेळेत निघाले की यीस्टचे काही चालत नाही.

गैरसमज: झाडाखाली आग लावल्याशिवाय मोह वेचता येत नाही.
वस्तुस्थिती: आग लावतात ती पाचोळा जाळून जमीन मोकळी करायला. तिने फुले वाढत नाहीत. उलट कोवळी रोपे जळतात आणि नवेगाव-नागझिऱ्यासारख्या जंगलात वणव्याचा धोका वाढतो. पाचोळा झाडून घ्यावा किंवा झाडाखाली जाळी बांधावी. जाळीतल्या फुलाला माती लागत नाही आणि राखही. फुले रात्री उशिरापासून सकाळपर्यंत गळतात. अस्वलालाही ती आवडतात, तेव्हा अंधारात एकट्याने वेचायला जाऊ नये.

गैरसमज: बेदाण्यासारखे मोहफूलही द्रावणात बुडवावे लागते.
वस्तुस्थिती: द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो. तो पाणी बाहेर पडू देत नाही, म्हणून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात द्राक्षे बुडवतात. मोहफूल मांसल, पोकळ, वर भोक असलेले. त्याला द्रावणाची गरज नाही. गरज आहे ती पातळ थराची. उघड्या जमिनीऐवजी खाटेवर किंवा मांडवावर स्वच्छ कापड टाकून फुले एकेरी पसरावीत, दिवसातून दोनदा हलवावीत आणि दव पडण्याआधी झाकावीत. कडक उन्हात ती काही दिवसांत वाळतात. मग चोळून आतले केसर काढून पाखडावे.

गैरसमज: फूल तपकिरी झाले म्हणजे सडले.
वस्तुस्थिती: मलईच्या रंगाचे फूल वाळताना तांबूस-तपकिरी होणारच, उन्हात वाळलेली द्राक्षेही अशीच काळपटतात. खराब माल वासाने आणि हाताने ओळखावा. आंबट दर्प, पांढरी बुरशी, चिकट गोळे दिसले तर तो खाऊ नये. वाळलेली फुले मुठीत दाबून सोडली की सुटी झाली पाहिजेत. सावलीत पूर्ण थंड झाल्यावरच ती हवाबंद डब्यात भरावीत. गरम भरली तर आत वाफ धरते. पोत्यात ठेवलेला माल पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून पुन्हा मऊ पडतो.

गैरसमज: घरात मोहफुले ठेवणे हा गुन्हा आहे.
वस्तुस्थिती: 1949 च्या दारूबंदी कायद्यात मोहफुलांवर निर्बंध होते, त्यामुळे ही भीती अजून आहे. 2021 मध्ये राज्य सरकारने फुले गोळा करणे, साठवणे आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. 2006 च्या वनहक्क कायद्याने तर गौण वनोपजावर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला आहे. विनापरवाना दारू गाळणे आजही गुन्हाच आहे. लाडवासाठी डबाभर मोह ठेवणे नाही.