हंस गेल्यावर

आमच्या कयाकच्या हंगामाचा पहिला दिवस कॅलेंडर पाहून ठरत नाही. होळीच्या आसपास आम्ही सिंभोऱ्याला जातो, उजाडायच्या आत धरणाच्या काठावर उभे राहतो आणि दुर्बीण लावून पट्टकादंब हंस दिसतात का ते पाहतो. दिसले, तर कयाक गाडीवरून खाली उतरतच नाही. २०२१ पासूनचे हंगाम आठवताना जाणवतं, की असे नियम उमगायला आम्हाला दोन चुका कराव्या लागल्या.

२०१५ साली कौस्तुभ खाडे यांनी द्वारकेपासून कन्याकुमारीपर्यंतचा किनारा कयाकमधून एकट्यानं पार केला. सुमारे तीन हजार किलोमीटर! ते वाचल्यापासून मनात होतं. पण अमरावतीकराला समुद्र कुठला? आमचं मोठं पाणी म्हणजे सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण. मोर्शी तालुक्यातलं, तेरा दरवाजांचं, आमच्या नळाला पाणी देणारं. २०२१ च्या जानेवारीत आम्ही चौघांनी वर्गणी काढून दोन कयाक आणल्या. २२ फेब्रुवारीला शहरात पुन्हा टाळेबंदी लागली आणि कयाक अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिल्या.

त्याच वर्षी १४ सप्टेंबरला वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेसाठी जमलेल्या गोतावळ्यातले अकरा जण बुडाले. त्यानंतर घरात कयाकचं नाव काढायची सोय राहिली नाही. आईनं एवढंच विचारलं, “पोहता येते तुमाले, पन पानी समजते का?”

उत्तर नव्हतं. म्हणून तो हिवाळा आम्ही पोहण्याच्या तलावात घालवला. कयाक मुद्दाम उलटवायची, बाहेर यायचं, ती सरळ करायची, पोटावर सरपटत पुन्हा चढायचं. वल्हं दंडाच्या जोरावर मारलं तर खांदे अर्ध्या तासात भरून येतात. ते कमरेपासून वळून ओढायचं असतं, हे तिथंच कळलं. लाइफ जॅकेटचे पट्टे एकमेकांनी ओढून पाहिल्याशिवाय काठ सोडायचा नाही, हा आमचा पहिला नियम. दरवाजांच्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही, हा दुसरा.

२०२२ च्या मार्चमध्ये परवानगी काढून आम्ही पहिल्यांदा पाण्यावर गेलो. सकाळचं पाणी काचेसारखं होतं, त्या भरात किती लांब आलो ते कळलंच नाही. साडेदहाला वारा उठला. मोठ्या जलाशयावर वाऱ्याला अडवायला काही नसतं. जितकं उघडं पाणी, तितकी लाट चढत जाते. परतीला तोंडावर वारा घेऊन तासभर वल्हवलं तरी काठ जवळ येईना. शेवटी पलीकडच्या काठाला लागलो. तिथं जाळं विणत बसलेल्या भोईकाकांनी पाणी पाजलं आणि म्हणाले, “पोट्टेहो, वारा सुटला का पान्याचा भरोसा नसते. दहाच्या आंधी काठाले लागा.” त्यांचा सगळा जन्म डोंग्यात गेलेला. तिसरा नियम त्यांचा.

दुसरी चूक २०२३ ची. धरण जास्त भरलेलं मिळावं म्हणून आम्ही फेब्रुवारीतच गेलो. एका खाडीसारख्या आत शिरलेल्या पाण्यात सत्तर-ऐंशी पट्टकादंब विसावले होते. आम्ही आवाज केला नाही, तरी सगळा थवा एकदम उठला. फार सुंदर दिसलं, आम्ही फोटोही काढले. घरी येऊन वाचलं तेव्हा त्या फोटोंकडे बघवेना. हे पक्षी रात्री शेतात चरतात आणि दिवसा पाण्यावर अंग टाकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये साठवलेली चरबी घेऊन ते तिबेट-मंगोलियाकडे निघतात. हिमालय ओलांडताना सात हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे. आमच्या हौसेनं त्यांच्या त्या शिदोरीत हात घातला होता.

या जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर. विदर्भाच्या राजकन्येकडे नलाचा निरोप हंसानं आणला, ही आपल्याच मातीतली कथा. त्या नावाच्या पाण्यावरून आपणच हंस उडवावेत, हे मनाला फार लागलं. २०२४ पासून हंस गेल्याखेरीज आम्ही पाण्यात उतरत नाही.

थंड मुलखात वसंतात बर्फ वितळून नद्या भरतात. आपल्याकडे फाल्गुनात पाणी मागे सरकतं. मागच्या वर्षी जिथून कयाक लोटली तिथं या वर्षी गाळपेराचं पीक उभं असतं. बुडालेली टेकाडं वर येतात आणि त्यांच्या उघड्या मातीवर नदी सुरय अंडी घालते. म्हणून टेकाडांपासूनही लांब.

२०२५ ला आई म्हणाली, मीही येते. दोघांच्या कयाकमध्ये तिला पुढं बसवलं, पट्टे तिनं स्वतः ओढून पाहिले. काठावर पळस पेटला होता. एका टेकाडाजवळ येताच एक सुरय कलकलत आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. मी काही बोलायच्या आत आईनं हात वर केला. “तिकडे नोको नेऊ. तिचं घर असन तिथी.”

मी कयाक वळवली. नऊही वाजले नव्हते.