सुंदर हसण्यासाठी दातांचे उपचार: आधी काय, नंतर काय

(बुलढाणा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. प्रश्नोत्तरांतला थोडा भाग शेवटी दिला आहे.)

तुळशीचं लग्न लागलं की दवाखान्यात एक ठरावीक प्रकारचे पेशंट यायला लागतात. सोबत आई असते, नाहीतर मावशी. मुलगी ओढणी तोंडाशी धरून बसलेली. बोलते आईच. "डॉक्टर, पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे, दातांचं काही करता येईल का?" आता मुलंही येतात. फक्त ती एकटी येतात आणि आवाज खाली करून विचारतात.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दात दिसू नयेत म्हणून वर्षानुवर्षं ओठ मिटून हसणारी माणसं मी बघतो. त्यामुळे "दिसण्याचं काय एवढं" असं मी कुणाला म्हणत नाही. आज कोणकोणते उपचार असतात ते सांगणारच आहे, पण त्याहून जास्त वेळ मी एका गोष्टीला देणार आहे, ती म्हणजे क्रम. मी पाहिलेलं बरंचसं नुकसान उपचार वाईट होता म्हणून झालेलं नाही. उपचार चांगलाच होता, पण तिसऱ्या नंबरचा उपचार पहिल्यांदा केला गेला होता. ओल आलेल्या भिंतीला आपण आधी रंग देत नाही ना, तसंच आहे हे.

पहिला नंबर हिरड्यांचा. इथे सगळ्यात मोठा गैरसमज बसलेला आहे, तो म्हणजे दात साफ केले की दात हलायला लागतात, फटी पडतात. मला हे आठवड्यातून दोनदा तरी ऐकावं लागतं. काय होतं ते समजून घ्या. दातावर जंतूंचा एक मऊ थर रोज बसतो. ब्रशनं तो निघतो. नाही निघाला तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि काही दिवसांत त्याचा दगड होतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं जीभ फिरवून बघा, बहुतेकांना खडबडीत लागेल. तिथेच का? कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथे, जिभेखाली उघडतात. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूचंही तेच.

हा दगड हिरडीच्या आत सरकतो, हिरडी सुजते आणि तिच्याखालचं हाड हळूहळू झिजतं. म्हणजे दाताचा आधार आधीच गेलेला असतो. फट आधीच पडलेली असते, फक्त ती दगडानं आणि सुजलेल्या हिरडीनं बुजलेली असते. आम्ही दगड काढतो, सूज उतरते, फट दिसायला लागते आणि दोष डॉक्टरवर येतो! वेळेत काढला असता तर फट पडलीच नसती.

दुसरी गोष्ट रक्ताची. ब्रश करताना रक्त आलं की लोक तिथे ब्रश फिरवणं बंद करतात, बोटानं मंजन लावतात. करायचं नेमकं उलट असतं. रक्त येतंय म्हणजे तिथे घाण साचलीय, तर तिथेच हलक्या हातानं जास्त साफ करायचं. मधुमेह असेल तर आणखी जपायचं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांत पू राहिला की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, असं दोन्ही बाजूंनी आहे.

आता गंमत बघा. दहापैकी चार-पाच जण जे "पांढरे करून द्या" म्हणून येतात, त्यांचं काम इथेच होऊन जातं. दगड निघाला, चहा-तंबाखूचे डाग निघाले, पॉलिश झालं, हिरड्यांचा जांभळट रंग जाऊन गुलाबी आला, की आरशात बघून म्हणतात, "झालं की!" हा माझा अंदाज आहे, आकडेवारी नाही. पण सगळ्यात स्वस्त उपचारानं सगळ्यात जास्त फरक पडतो, एवढं नक्की.

तंबाखूचं इथेच बोलून घेतो. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. सगळ्यांनी आत्ताच एक करा. स्वतःची तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून तोंडात जातात का बघा. (प्रेक्षकांत हालचाल.) ज्यांची जात नाहीत आणि जे सुपारी, खर्रा, गुटखा खातात, त्यांनी आज दाताच्या रंगाचं विसरून जा. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठर होत जाते, तिखट झोंबायला लागतं आणि तोंड उघडणं कमी होतं. त्यातूनच पुढे कर्करोग होऊ शकतो. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्ये जाहीर केलं आहे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, यातलं काहीही असलं तर लगेच दाखवा. अशा तोंडाला चमक देणाऱ्या डॉक्टरपासून लांब राहा.

दुसरा नंबर किडीचा. कीड म्हणजे अळी नव्हे. बाजारात कानात नळी घालून किडे काढून दाखवणारे असतात, तो हातचलाखीचा प्रकार आहे. जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लानं दात विरघळतो. काळा ठिपका आहे, दुखत नाही, तेव्हाच आलात तर अर्ध्या तासात दाताच्याच रंगाचं सिमेंट भरून मोकळे. पण कुणी येत नाही. रात्री झोप उडते तेव्हा येतात आणि येताना ठरवूनच येतात, "मले नाही पायजे ती कटकट, काढूनच टाका." वर हेही विचारतात की वरचा दात काढला तर डोयाची नजर जाते का. नाही जात. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. डोळ्याच्या भीतीनं कुजका दात ठेवू नका आणि कटकट नको म्हणून वाचणारा दात काढू नका.

रूट कॅनलमध्ये दाताच्या आतली सडलेली नस काढतात, पोकळी निर्जंतुक करून भरतात. दाढ असेल तर वर कॅप लागते, कारण पोखरलेली दाढ चावताना चिरते. आपल्याकडे अडतं ते पैशापेक्षा फेऱ्यांवर. पहिल्या बैठकीत ठणका थांबतो. मग सोयाबीनची सोंगणी येते, मग गहू-हरभऱ्याची पेरणी, आणि संग्रामपूरकडचा माणूस पुन्हा दोन गाड्या बदलून येत नाही. वर्षभरानं येतो तेव्हा तात्पुरतं सिमेंट निघालेलं असतं आणि दाढ मधून उभी फुटलेली. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरला विचारा, किती फेऱ्या लागतील, एका दिवसात किती करता येईल. आम्हाला हे विचारलेलं आवडतं.

दाढ काढली तर जागा तशीच सोडू नका. बाजूचे दात त्या खड्ड्याकडे कलतात, समोरची दाढ खाली उतरते आणि काही वर्षांत पुढच्या दातांची ओळही बदलू शकते. काढघाल करता येणारी कवळी, बाजूच्या दातांवर बसणारा ब्रिज, किंवा इम्प्लांट, यातलं काहीतरी करा. स्वीडनमधल्या ब्रॉनेमार्क नावाच्या शास्त्रज्ञाला सशाच्या हाडाचा अभ्यास करताना दिसलं की टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असं मूळ बसवलं. उपाय उत्तम आहे, पण साखर आटोक्यात नसेल आणि तंबाखू सुटत नसेल तर तेच मूळ सैल होतं आणि पैसे वाया जातात.

तिसरा नंबर ओळीचा, म्हणजे वेड्यावाकड्या, पुढे आलेल्या दातांचा. इथे मी माझीच एक गोष्ट सांगणार आहे.

मी नवीन होतो. तेवीस वर्षांची मुलगी आली. वरचे चार दात पुढे, मधे फट, लग्नाला पाच आठवडे. तारा लावायच्या तर दीड वर्ष लागणार. आई रडत होती. मी चारही दात कोरून लहान केले, आत कोरायचे म्हणून नसा काढल्या आणि वर सरळ कॅप बसवल्या. फोटो फार सुंदर आले. माझी चार ठिकाणी तारीफ झाली. बारा वर्षांनी ती परत आली. एका दाताच्या मुळाशी पू होता, दुसरा हिरडीच्या रेषेत तुटला होता. ते चारही दात मूळचे निरोगी होते, हो. कीड नव्हती, काही नव्हतं. ती मला काही बोलली नाही, उलट नमस्कार करून गेली. ते जास्त लागलं.

कोरलेलं दंतकवच पुन्हा उगवत नाही. कॅप साधारण दहा-पंधरा वर्षांची सोबत करते. साठीत बसवली तर ठीक. तेविसाव्या वर्षी बसवली की आयुष्यात तीन-चार वेळा बदलावी लागणार आणि दर वेळी खालचा दात थोडा आणखी कमी होणार. म्हणून कुणी तुम्हाला "आठवड्यात दात सरळ करून देतो" म्हणालं तर एकच विचारा, निरोगी दात किती कोरणार?

आज ती मुलगी आली असती तर मी फट बुजवण्यापुरतं दाताच्या रंगाचं सिमेंट न कोरता चिकटवलं असतं. दातावर सौम्य आम्ल लावून सिमेंट पक्कं धरवण्याची युक्ती बुओनोकोर या डॉक्टरांनी 1955 मध्ये मांडली, तिच्यावर हे सगळं उभं आहे. एका बैठकीत होतं, तुटलं तर पुन्हा लावता येतं. पुढे आलेले दात मात्र त्यानं मागे जात नाहीत, त्याला ताराच. त्या लग्नानंतर लावता येतात, तिशी-चाळिशीतही लावता येतात. माझ्या एका पेशंटनं तर तारा लावूनच लग्न केलं आणि नवऱ्याकडच्यांनी काही विचारलं नाही. तारा काढल्यावर डॉक्टर जी पट्टी देतात ती मात्र वापरा, नाहीतर दात परत आपल्या जागेकडे निघतात.

मुलांच्या आयांसाठी एक गोष्ट. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक दाढ येते. तिच्यासाठी दुधाचा एकही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते, "पडणारच आहे" म्हणून दुर्लक्ष होतं. ती आयुष्यभराची दाढ असते. पुढच्या ओळीची मांडणी बरीचशी तिच्यावर अवलंबून असते आणि किडते तीच आधी. तिच्या खाचा सिमेंटनं बुजवून घेता येतात. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासायला येतं, त्यात दातांची कीडही बघतात. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नका.

आणि शेवटी चौथा नंबर, रंग. दात कागदासारखा पांढरा नसतोच. वरचं कवच थोडं पारदर्शक आणि आतला थर पिवळसर असतो. ब्लीचिंगमध्ये पेरॉक्साइड कवचातून आत जाऊन रंगाचे कण फोडतं. काही दिवस गार पाणी झिणझिणतं, मग थांबतं. सिमेंट आणि कॅप यांचा रंग त्यानं बदलत नाही, म्हणून आधी ब्लीचिंग आणि मग त्या रंगाला जुळणारं सिमेंट. गरोदरपणात नको, अठराच्या आत शक्यतो नको, आणि उघडी कीड असताना तर नकोच.

घरी लिंबू चोळणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका चोळू. लिंबाच्या आम्लानं कवच विरघळतं, आतला पिवळा थर जवळ येतो आणि दात आणखी पिवळे दिसतात. कोळसा आणि जाड मीठ घासूनही कवच झिजतं. व्हिनिअर म्हणजे दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा. त्याची सुरुवात हॉलिवूडची. पिन्कस नावाचे डॉक्टर नटांच्या दातांवर शूटिंगपुरते असे पापुद्रे बसवायचे आणि नंतर ते निघायचे. आपण ते कायमचे बसवतो, एवढा फरक लक्षात ठेवा.

प्रश्न: लग्न सहा आठवड्यांवर आहे, काय काय होऊ शकतं?

पुष्कळ. पहिल्या आठवड्यात सफाई आणि किडलेले दात. हिरड्या बऱ्या व्हायला दोन आठवडे द्या. चौथ्यात ब्लीचिंग. मग दोन आठवडे थांबून तुटलेले कोपरे, फटी. ब्लीचिंगनंतर लगेच चिकटवलेलं सिमेंट नीट धरत नाही, म्हणून ते थांबणं. लग्नाच्या आदल्या दिवशी मात्र काही करायला येऊ नका.

प्रश्न: आमच्या गावात बऱ्याच मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. घासून जात नाहीत.

हे फ्लोराइड असू शकतं. अमेरिकेत कोलोराडोमध्ये मॅके नावाच्या दंतवैद्याला 1901 मध्ये गावातल्या मुलांचे असेच दात दिसले. कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे कळायला 1931 उजाडलं. आपल्या विदर्भात यवतमाळ, चंद्रपूरकडे हा त्रास माहितीचा आहे. दात हिरडीत तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, असं पाणी पोटात गेलं तरच हे डाग पडतात. मोठेपणी पडत नाहीत, एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. सौम्य असतील तर दात मजबूत असतात आणि वरचा थर हलका घासून, सिमेंट लावून बराच फरक पडतो.

एक मात्र सांगतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाण पट्ट्यातलं पाणी खारं लागतं म्हणून त्यात फ्लोराइड असेलच असं नाही, आणि गोड लागतं म्हणून नसेलच असंही नाही. फ्लोराइडला चव नसते. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालतं, असा आपला मानक आहे. एकाच गावात दोन बोअरचं पाणी वेगळं निघू शकतं, म्हणून प्रत्येकाचा नमुना वेगळा घ्या आणि ग्रामपंचायतीमार्फत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. हापसा थोडा वेळ चालवून मग पाणी भरा. बाटली प्लास्टिकची घ्या, काचेची नको. फ्लोराइड काचेशी क्रिया करतं, आकडा चुकतो.